पाण्यावरची विमाने आणि त्यांचा थाट

प्रश्न : १९३०च्या दशकातील ‘फ्लाइंग बोट’ म्हणजे पाण्यावरूनच उडणाऱ्या आणि पाण्यावरच उतरणाऱ्या विमानांत जेवणाचे दालन आणि झोपण्याची सोय असे, असे वाचले. विमानात एवढी जागा कशी मिळत असे, आणि ही विमाने पुढे नाहीशी का झाली?

उत्तर : ती जागा पाण्यामुळेच मिळत असे. त्या काळी जड विमानाला पेलतील अशा लांब, पक्क्या धावपट्ट्या फारच थोड्या ठिकाणी होत्या. उलट बंदरे आणि सरोवरे जगभर आयती उपलब्ध होती. पाण्याचे तुषार प्रोपेलरपर्यंत पोहोचू नयेत म्हणून पंख आणि इंजिने उंचावर ठेवावी लागत, त्यामुळे विमानाचे नावेसारखे पोट आपोआपच खोल होई. या खोलीचा उपयोग कंपन्यांनी फार सुंदर केला. ब्रिटिश इंपीरियल एअरवेजच्या ‘एम्पायर’ विमानांत खिडकीशी कठड्यावर हात टेकून उभ्याने खालचा प्रदेश पाहता येई. पॅन अमेरिकनच्या बोइंग ३१४ मध्ये तर रात्री आसनांच्या जागी बिछाने तयार होत. अर्थात १९३९ साली त्यातून अटलांटिक ओलांडण्याचे एका बाजूचे भाडे ३७५ डॉलर होते आणि टपालाच्या सरकारी कंत्राटांचाही कंपन्यांना मोठा आधार होता.

उड्डाणाची करामत विमानाच्या तळाशी असलेल्या आडव्या पायरीत होती. वेग वाढला की तळ पाण्यावर उचलला जाई, पायरीमागे हवा शिरे आणि पाण्याची पकड सुटे. पाणी आरशासारखे शांत असले की मात्र ही पकड सुटता सुटत नसे. म्हणून काही वेळा एखादी मोटरबोट पुढे फिरवून मुद्दाम लाटा उठवाव्या लागत. शांत पाणी हीच वैमानिकाची अडचण ठरावी, ही गोष्ट मला या विमानांविषयी सर्वांत मोहक वाटते.

दुसऱ्या महायुद्धात जागोजागी काँक्रीटच्या धावपट्ट्या झाल्या आणि फ्लाइंग बोटींची मूळ गरजच संपली. खोल पोटाला हवेचा विरोध जास्त, खाऱ्या पाण्याने धातू गंजे, आणि जमिनीवरची नवी विमाने अधिक वेगाने व अधिक उंचीवरून जाऊ लागली. बोइंग ३१४ एकूण १२ बांधली गेली. त्यांपैकी एकही आज शिल्लक नाही, याची मनापासून हळहळ वाटते. आयर्लंडमधील फॉइन्स या जुन्या थांब्यावरील संग्रहालयात मात्र तिची पूर्णाकृती प्रतिकृती आहे आणि आत शिरून ती दालने पाहता येतात.