जुनी मारुती झेन पन्हाळा चढताना ओढत नाही, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी पिकअप उशिरा येतो. आधी काय बघू?

आधी केबल बघा, कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजला नंतर जा. इंजिन बंद ठेवून एकाला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून थ्रॉटलचा (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा) लिव्हर शेवटपर्यंत फिरतो का ते पाहा. केबल सैल असेल किंवा पेडलखाली मॅट अडकत असेल, तर थ्रॉटल अर्धाच उघडतो. फुकटातली तपासणी, पण बरेच मेकॅनिक थेट इंजेक्टरवर (पेट्रोल फवारणाऱ्या भागावर) घसरतात.

लिव्हर ठीक असेल तर लक्षण नीट ओळखा. पाय ठेवताक्षणी गाडी अडखळते आणि मग पळते? थ्रॉटल बॉडीतला कार्बन, थ्रॉटल सेन्सर किंवा फाटलेला व्हॅक्यूम पाईप. सपाटीला बरी, चढाला मात्र दम तोडते? फ्युएल फिल्टर किंवा पंप. आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढतो पण वेग वाढत नाही, तर तो क्लचच, थ्रॉटलला दोष देऊ नका.

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. ऊसतोडणीच्या दिवसांत मातीच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाड्यांचा तो लवकर भरतो. आणि हो, थांबल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं लागलं, तर ब्रेक धरतोय.