मेक्सिकोतल्या 'माया ट्रेन' या नव्या रेल्वेमार्गामुळे खरंच एवढं नुकसान झालं का? झाडं तर पुन्हा लावता येतात ना?

हो, झालं, आणि झाडांपेक्षा मोठं नुकसान जमिनीखालच्या पाण्याचं आहे. ही रेल्वे जिथून जाते, त्या युकातान द्वीपकल्पाची जमीन म्हणजे सच्छिद्र चुनखडक. उत्तरेकडे जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच. पावसाचं पाणी थेट खाली मुरतं, गुहांमधून वाहतं आणि 'सेनोते' नावाच्या नैसर्गिक विहिरींत दिसतं. पिण्याचं पाणीही तेच. मातीचा थर इतका पातळ, की वर सांडलेलं काहीही गाळलं न जाता खाली पोचतं. प्लाया देल कार्मेन ते तुलुम हा टप्पा आधी महामार्गालगत ठरला होता. २०२२ मध्ये तो जंगलात सरकवला. गुहांवरून रूळ न्यायचे म्हणून हजारो पोलादी खांब गुहांची छतं फोडून खाली रोवले आणि खांबांत काँक्रीट भरलं. डायव्हरांच्या फोटोंत गुहेच्या छताला लटकणारे, आता तुटलेले चुन्याचे लोलक आणि पाण्यात सांडलेलं काँक्रीट स्पष्ट दिसतं. ते लोलक तयार व्हायला हजारो वर्षं लागतात, ते कुठून पुन्हा लावणार? एकही झाड तोडणार नाही, असं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेझ ओब्राडोर यांनी सांगितलं होतं. सरकारी आकड्यांनुसारच सुमारे ७० लाख तोडली गेली.

मात्र सुमारे १,५०० किलोमीटरचा सगळा मार्ग एकाच मापाने मोजू नका. पालेंकेकडून कांपेचेमार्गे मेरिदाकडे जाणारा बराचसा भाग जुन्याच रेल्वेमार्गावर आहे, तिथे नवी तोड तुलनेने कमी आहे.