सफाईने दात ढिले होतात का?

प्रश्न : मॅडम, वय ५४, दारव्हा तालुक्यात शेती आहे. सात वर्षांपासून शुगर आहे, गोळी चुकवत नाही. जेवण तेच, काम तेच, तरी यंदा तीन महिन्यांची शुगर ८.९ आली. खालचे पुढचे दात हलतात, घासताना रक्त येतं. दातांच्या डॉक्टरांनी सफाई सांगितली. गावात मात्र म्हणतात, सफाईने दात ढिले होतात अन् शुगरवाल्याने दाताला हातच लावू नये. काय करू? (खर्रा खातो, पण कमी.)
— एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, कंसातलं आधी घेते. ‘कमी’ म्हणजे किती, ते तुम्ही लिहिलंच नाही! खर्रा जिथे दाबून धरता, तिथली हिरडी दातावरून उतरलेली सापडेल. तंबाखू चालू ठेवून सफाई केली तर हिरडी नीट भरून येत नाही. यावर जास्त बोलत नाही, घरचे बोलतच असतील.

शुगर चढी राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात, तोंड कोरडं पडतं, हिरड्या लवकर सुजतात. हे बहुतेकांना ठाऊक असतं. याची उलटी बाजू कोणी सांगत नाही. हिरड्यांत पू आणि सूज मुरून राहिली की शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नाही आणि शुगर हटता हटत नाही. आजार बळावला तर सगळ्या दातांभोवतीची आतली जखम मिळून तळहाताएवढी भरू शकते. तेवढी जखम पायाला असती तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला असता. हिरडी दुखत नाही, तीच पंचाईत. तुमची शुगर वाढायला हे एकच कारण असेल असं नाही, पण खोल सफाईनंतर तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा साधारण ०.३ ते ०.४ ने उतरतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. गोळी मात्र चालूच ठेवायची.

आता गावातलं बोलणं. खालच्या पुढच्या दातांच्या मागून जीभ फिरवा, खरखरीत लागेल. ते किटण. त्याच्याखाली हाड खचत जातं आणि दात किटणाच्याच आधाराने एकमेकांना धरून उभे राहतात, बांध फुटल्यावर मुळ्यांनी धरलेल्या ढेकळांसारखे. किटण काढलं की फटी दिसतात, दात हलताना जाणवतात, काही दिवस थंड पाणी झोंबतं. दात ढिले आधीच झालेले असतात, नाव सफाईचं होतं.

शुगरवाल्याचे दात काढताही येतात. शुगर फार चढलेली असली तर डॉक्टर थोडं थांबवतात. पण गाल सुजला, ताप आला तर तुम्ही थांबू नका.

सफाईला सकाळची वेळ घ्या. नाश्ता करून, गोळी घेऊन जा, उपाशी नको. रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आवर्जून सांगा. तालुक्याला जमलं नाही तर नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. तीन महिन्यांनी पुन्हा तीन महिन्यांच्या शुगरची तपासणी करा आणि रिपोर्ट दोन्ही डॉक्टरांना दाखवा. दात हलतात हे शुगरच्या डॉक्टरांना तुम्ही अजून सांगितलेलं नसणार.