पर्समधलं परमिट

कॅनडातल्या कॅलगरीहून आलेलं हे पत्र मोठं आहे, थोडक्यात देते.

"ताई, नमस्कार. वय ६१, बँकेतून निवृत्त. ऑगस्टअखेर आम्ही दोघं अलास्काची सात रात्रींची क्रूझ करून व्हँकुव्हरला उतरलो. काय दिवस होते ते! पहाटे पाचला मी एकटीच डेकवर जाऊन बसायचे. पुढे भाड्याची गाडी घेऊन रॉकीजमधून चार दिवसांत मुलाकडे कॅलगरीला आलो. इथे दहा दिवस राहून १६ सप्टेंबरला त्याच गाडीने परत व्हँकुव्हर, तिथून विमान.

प्रवास छान झाला. हेच चालवत होते. मला म्हणायचे, 'घाट आहे, तू बाहेर बघ, मजा घे.' रेल्वेच्या स्पायरल टनेल्स बघायच्या होत्या, पण उशीर होतो म्हणून थांबलो नाही. आइसफील्ड्स पार्कवेवर मात्र यांना झोप आवरेना. पेट्रोल पंपावर वीस मिनिटं सीट मागे टाकून झोपले, मी तोवर गाडीभोवती फेऱ्या मारल्या. तसं माझंही इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलं होतं, ते पर्समध्येच राहिलं. असो.

खरा त्रास इथे आल्यावर झाला. सून घरूनच काम करते, तिचं ऑफिस टोरांटोचं. सकाळी सातला खोलीचं दार लागतं ते दुपारीच उघडतं. आम्हाला बेसमेंटमधली खोली दिली आहे. दुसऱ्या रात्री जेवताना हे त्या झोपेची गंमत सांगत होते, तर ही पटकन म्हणाली, 'आई, मग तुम्ही का नाही चालवलीत थोडी?' सगळ्यांसमोर! मुलगा हसला. मी न जेवता खाली गेले. तिने मला एवढं बोलायची काय गरज होती? मुलाशी बोलू, की तारीख अलीकडे घेऊन निघून जाऊ?
एक दुखावलेली सासू"

ताई,

१६ तारीख जवळ आली आहे, म्हणून बाकीची पत्रं बाजूला ठेवून तुम्हाला आधी लिहिते आहे.

दाराचं आधी उरकून टाकू. टोरांटोचं घड्याळ कॅलगरीच्या दोन तास पुढे असतं. तिथे नऊ वाजतात तेव्हा तुमच्याकडे सात. म्हणून सातला दार लागतं. तुम्ही बँकेत होता. काउंटरवर रांग असताना घरी पाहुणे आलेत म्हणून उठून गेला असता का? आणि बेसमेंट म्हणजे तिकडच्या बऱ्याच घरांत पाहुण्यांची खोली, अडगळ नव्हे. सुनेबद्दल एवढंच. तुमच्या मूळ पत्रात यावर दीड पान आहे, ते मी सोडून देते.

आता त्या पेट्रोल पंपावर चला माझ्याबरोबर.

लेक लुईसपासून जॅस्परपर्यंतचा आइसफील्ड्स पार्कवे २३२ किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना हिमनद्या, वाटेत गाव नाही, मोबाईलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. पेट्रोल मिळतं ते मधे सस्कॅचेवन क्रॉसिंगला, म्हणजे तुम्ही थांबलात तो पंप तोच असणार. तिथे तुमच्या यांचे डोळे मिटायला लागले आणि त्यांनी गाडी बाजूला घेतली. हे त्यांनी शहाणपणाचं केलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मला दिसते आहे ती बाहेरची बाई. ती ताजीतवानी आहे. तिने घरी २२ वर्षं गाडी चालवली आहे (हे तुम्ही पत्राच्या शेवटी, ताजा कलम म्हणून लिहिलंत, तेही कंसात). तिच्या खांद्याला पर्स आहे, पर्समध्ये परमिट आहे, आणि ती गाडीभोवती फेऱ्या मारते आहे. वीस मिनिटं! नवरा उठेल आणि मग गाडी पुढे जाईल, याची वाट बघत.

यावर तुम्ही लिहिता, "असो." मी नाही लिहिणार.

नुसतं शेजारी बसायला परमिट लागत नाही, ताई. ते आपोआप पर्समध्ये येऊनही पडत नाही. त्यासाठी आरटीओत फॉर्म ४-ए भरावा लागतो, फोटो, पासपोर्ट, लायसन्स, वर हजार रुपये फी. एवढी खटपट तुम्ही केलीत म्हणजे घरातून निघताना तुम्हाला तो रस्ता चालवायचा होता. उगाच एक कागद असावा म्हणून काढला, असं आता मला सांगू नका. बँकेत आयुष्य गेलेली बाई उगाच कागद काढत नाही.

मग मधे काय झालं? मला वाटतं, काहीच झालं नाही. व्हँकुव्हरच्या काउंटरवर कुणीतरी विचारलं असेल, आणखी कोणी चालवणार आहे का? यांनी सहज "नो" म्हटलं असेल. तुम्ही मागे बॅगा धरून उभ्या असाल. हे माझ्या मनाचं चित्र आहे, पण पैज लावायला तयार आहे.

"घाट आहे, तू बाहेर बघ, मजा घे." यातली खोच अशी की याच्याशी भांडता येत नाही. "तुला जमणार नाही" असं ते म्हणाले असते तर तुम्ही तिथल्या तिथे दोन शब्द सुनावले असते. लाडाने म्हणाले, म्हणून तुम्ही बाहेर बघितलंत. चार दिवस बघितलंत. व्हँकुव्हर ते कॅलगरी सरळ आलात तरी हजाराला थोडे कमी किलोमीटर होतात, त्यात पार्कवेचा फेरा वेगळा. त्या सगळ्या वाटेवर पाण्याची बाटली उघडून देणं, बिस्किटं पुढे करणं आणि पुढचा एक्झिट किती लांब आहे ते सांगणं, एवढं काम तुमच्याकडे होतं. जहाजावर तुम्ही पहाटे पाचला एकट्या उठून डेकवर जात होता, कारण तिथे गाडी कोणाच्याच हातात नव्हती. दोघंही सारखेच प्रवासी होतात. जमिनीला पाय लागले आणि एक जण चालक झाला, दुसरी सामान झाली.

मला एकदा "तू मागे आरामात बस" म्हणत एका लग्नाला नेलं होतं. पोचेपर्यंत मी ठीक होते. पोचल्यावर तासाभरात तीन माणसांशी भांडले, आणि तिघांपैकी कोणीही गाडीत नव्हतं.

तुमचंही तसंच झालं आहे. सुनेचा प्रश्न तुम्हाला टोमणा वाटला, कारण तो नेमक्या दुखऱ्या जागी लागला. पण तो प्रश्नच होता. अख्ख्या प्रवासात तुम्हाला तो विचारणारी ती एकटी! नवऱ्याला सुचलं नाही. मुलगा तर हसला, आणि त्या हसण्याबद्दल तुमच्या पत्रात तक्रारीचं एक अक्षर नाही. जिने विचारलं तिच्याविरुद्ध दीड पान, जो हसला त्याला माफी. हा हिशेब तुम्ही बँकेत पास केला असतात का?

म्हणून मुलाशी काही बोलायचं नाही. तारीख अलीकडे घ्यायची नाही. १६ला सकाळी कॅलगरीहून निघाल तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर तुम्ही बसायचं. कॅलगरी ते गोल्डन, साधारण २६० किलोमीटर, तुमचे. पुढचा रॉजर्स पासचा घाट कोणी चालवायचा ते गोल्डनला चहा पिताना ठरवा.

त्यासाठी उद्याच भाड्याच्या गाडीच्या कंपनीला फोन करायचा आणि करारावर तुमचं नाव दुसरी चालक म्हणून घालून घ्यायचं. काही कंपन्या नवरा-बायकोचे जादा पैसे घेत नाहीत, काही रोजचे डॉलर लावतात. लावले तर भरा, क्रूझवरच्या फोटोंना याहून जास्त गेले असतील. पण नाव घातल्याशिवाय चावीला हात लावू नका. करारावर नसलेल्या माणसाच्या हातून काही झालं तर विमा अंगावर घेत नाही. काउंटरवर बहुधा बोलावतील. लायसन्स, पासपोर्ट आणि ते परमिट घेऊन जा. तेवढंच ते पर्समधून बाहेर येईल.

दुसरं काम याहून अवघड आहे. सुनेला म्हणायचं, "रविवारी सकाळी तासभर माझ्याशेजारी बसशील का? मला हात बसवायचा आहे." मुलाला नाही, यांनाही नाही. ते दोघं शेजारी बसले की पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर दाबत राहतील आणि तुम्ही घाबराल. सून त्या रस्त्यांवर रोज चालवते, तिला ठाऊक आहे की चारही बाजूंना स्टॉपची पाटी असलेल्या चौकात आधी येऊन थांबलेला आधी जातो, आणि हॉर्न न वाजवता जातो. लाल दिव्यावर पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असेल आणि मनाईची पाटी नसेल, तर उजवीकडे वळता येतं. प्लेग्राउंड झोनची पाटी दिसली की वेग ३०. गाडी ऑटोमॅटिक असेल, तेव्हा डाव्या पायाला त्या दिवशी सुट्टी. उजव्या बाजूने चालवण्याची धास्ती पहिली दहा मिनिटं. खरी चूक होते ती मोकळ्या रस्त्यावर डावीकडे वळताना, समोर दुसरी गाडी नसते आणि सवय आपल्याला आपल्या बाजूला ओढते. तिला सांगून ठेवा की त्या वेळी मला मोठ्याने आठवण कर. त्या तासात दार, बेसमेंट, जेवणाचं ताट, काही काढायचं नाही. रस्त्यापुरतं बोला.

हे काय म्हणतील ते मी आत्ताच ऐकू शकते. "बर्फ पडला तर?" ब्रिटिश कोलंबियातल्या घाटरस्त्यांवर हिवाळी टायरची सक्ती १ ऑक्टोबरपासून सुरू होते, तुम्ही त्याच्या दोन आठवडे आधी निघता आहात. घाटात हवा कधीही फिरते हे खरं, म्हणून आदल्या रात्री रस्त्यांचा अंदाज दोघांनी बघा. रस्ता खराब असेल तर तो त्यांच्यासाठीही खराब आहे. "उलट्या बाजूने चालवायचं गं!" या प्रवासात त्यांनीही पहिल्यांदाच चालवलं. "तू थकशील." थकलात तर थांबा आणि वीस मिनिटं झोपा, ती पद्धत घरात रूढ झालीच आहे.

शिवाय कॅलगरी ते लेक लुईस हा रस्ता दुभाजक असलेला, सरळ आणि रुंद. बॅन्फ नॅशनल पार्कच्या हद्दीत शिरलात की ९०ची मर्यादा, दोन्ही बाजूंना जनावरांसाठी कुंपण आणि डोक्यावरून झाडी लावलेले पूल, अस्वलं आणि एल्क हरणं त्यावरून रस्ता ओलांडतात. येताना ते पूल यांनी बघितले नसतील. चालवणाऱ्याला रस्ताच दिसतो. ६६ वर्षांच्या माणसाने चार दिवस रॉकीजमधून प्रवास केला आणि त्याला पुढच्या ट्रकची मागची बाजू तेवढी नीट पाहायला मिळाली, याचं मला थोडं वाईटही वाटतं. थोडंच. त्यांना म्हणा, "तुम्ही बाहेर बघा, मजा घ्या." याच शब्दांत म्हणा.

लेक लुईस सोडलं की किकिंग हॉर्स पास येतो. तिथे कॅलगरीचा अल्बर्टा प्रांत संपून ब्रिटिश कोलंबिया सुरू होतं, आणि उतारावर फील्ड गावाच्या अलीकडे त्या स्पायरल टनेल्स, १९०९ साली रेल्वेचा भयंकर चढ कमी करण्यासाठी डोंगराच्या पोटात वळसे घेऊन खोदलेल्या. लांब मालगाडी आली तर इंजिन बोगद्यातून बाहेर पडतं तेव्हा तिचे मागचे डबे अजून आत शिरत असतात, वेगळ्या उंचीवर. येताना तुमच्या हातात थांबणं नव्हतं. आता असेल, तर थांबा. उशीर होतो म्हणाले तर सांगा की पुढे रॉजर्स पासच्या सुमारास घड्याळ एक तास मागे जातं, तो तास मी इथे खर्च करते आहे.

निघण्याआधी सीट पुढे ओढून घ्या आणि आरसे तुमच्या उंचीला लावा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला, तिकडे डाव्या. मुलाच्या गल्लीतून बाहेर पडताना पहिल्या वळणावर तुमचे वायपर लागतील, कोरड्या काचेवर, खर्र खर्र करत. सून दारात उभी असेल. लागू देत.