लोड बॅलन्सर सगळ्यात मोकळ्या सर्व्हरलाच रिक्वेस्ट देतो का?

तुमचा प्रश्न असा: लोड बॅलन्सर म्हणजे येणाऱ्या रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरमध्ये वाटून देणारा मधला माणूस. मागे चार सर्व्हर असतील, तर कोणावर किती ताण आहे ते बघून तो सगळ्यात मोकळा सर्व्हर निवडतो का?

नाही हो. मागच्या सर्व्हरचा सीपीयू किती तापलाय याचा त्याला सहसा पत्ताच नसतो. त्याच्याकडे असते ती स्वतःची वही: कोणाला किती कनेक्शन दिली, त्यातली किती अजून चालू आहेत, बस्स.

एनजिनएक्स (लोड बॅलन्सर म्हणून वापरलं जाणारं एक सॉफ्टवेअर) घ्या. त्यात काहीच सेट केलं नाही, तर तो ही वहीसुद्धा उघडत नाही. पंगतीत वाढतात तसं एकामागून एक वाढत जातो, म्हणजेच राउंड रॉबिन. सगळ्या रिक्वेस्ट साधारण सारख्या वजनाच्या असतील तर एवढं पुरतं. पण एक जण लॉगिन करतोय आणि दुसरा वर्षभराचा रिपोर्ट काढतोय, अशी भेसळ असेल तर 'लीस्ट कनेक्शन' बरं: ज्याच्याकडे चालू कनेक्शन सगळ्यात कमी, त्याला पुढचं.

नेटवर्क लोड बॅलन्सर हा प्रकार असतो, त्याची गोष्ट आणखी वेगळी. तो पाकीट फोडून आतली यूआरएल वाचत नाही, वरचा पत्ता तेवढा बघतो. दोन्हीकडचे आयपी, दोन्हीकडचे पोर्ट आणि प्रोटोकॉल यांचा हॅश, म्हणजे या सगळ्यांवरून हिशोबाने येणारा एक आकडा, काढतो आणि त्यावरून सर्व्हर ठरवतो. (ॲमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर, म्हणजे एनएलबी, टीसीपीसाठी यात सीक्वेन्स नंबरही धरतो.) एकदा ठरलं की त्या कनेक्शनची सगळी पॅकेट त्याच सर्व्हरला गेली पाहिजेत. भलत्याच सर्व्हरला पोचली, तर तो 'हे कनेक्शन माझं नाही' म्हणून रीसेट पाठवतो. म्हणजे वाटप होतं ते कनेक्शनचं, रिक्वेस्टचं नाही. ही गोष्ट लोक हमखास विसरतात. जीआरपीसी (प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायची एक पद्धत) वापरत असाल तर एकाच लांबलचक कनेक्शनवरून हजारो रिक्वेस्ट जातात. मग तुम्ही घाईघाईने पाचवा सर्व्हर जोडता आणि तो माशा मारत बसतो, कारण नवीन कनेक्शन उघडायला कोणी येतच नाही.

पाचव्या सर्व्हरवरून आठवलं. हॅशला सर्व्हरच्या संख्येने भागून बाकी घ्यायची, ही सरळ पद्धत वापरली तर चाराचे पाच होताच 80 टक्के क्लायंटचा सर्व्हर बदलतो. कन्सिस्टंट हॅशिंगमध्ये, म्हणजे सर्व्हर वाढला तरी कमीत कमी क्लायंट हलावेत अशा पद्धतीत, साधारण पाचवा हिस्साच हलतो. गूगलने 2008 पासून वापरात असलेल्या आपल्या मॅग्लेव्ह या लोड बॅलन्सरवर 2016 मध्ये पेपर लिहिला, त्यात या हॅशिंगचा त्यांचा प्रकार दिलाय. मन लावून वाचण्यासारखा आहे.

आता त्या वहीने आम्हाला कसं फसवलं ते सांगतो. आधीच्या नोकरीत एनजिनएक्सवर लीस्ट कनेक्शन लावलं होतं. एका सर्व्हरचं डेटाबेसशी कनेक्शन तुटलं. बाकीचे तीन इमानेइतबारे काम करून अर्ध्या सेकंदात उत्तर देत होते आणि हा पठ्ठ्या काही मिलिसेकंदांत 500 एरर ('सर्व्हरमध्येच बिघाड' असं उत्तर) फेकून मोकळा. वहीत हाच कायम रिकामा, म्हणून पुढचं गिऱ्हाईक पुन्हा यालाच! चारातला एक बिघडलाय म्हणजे फार तर पाव लोकांना एरर यावी, तर इथे बहुतेकांना येत होती. आम्ही सीपीयूचे आलेख बघत बसलो, आणि त्यात सगळ्यात शांत हाच दिसत होता.

एनजिनएक्सने त्याला बाजूला का काढलं नाही? कारण कनेक्शन न जुळणं, टाइमआउट होणं असल्या गोष्टीच तो आपणहून अपयश म्हणून मोजतो. 500 ला अपयश धरायचं असेल तर तसं लिहून सांगावं लागतं, आणि आम्ही ते सांगितलं नव्हतं. आमची हेल्थ चेक, म्हणजे सर्व्हर धड आहे का याची अधूनमधून होणारी तपासणी, तीही नुसती पोर्ट उघडा आहे का तेवढंच बघायची. पोर्ट उघडाच होता.

नंतर आम्ही हेल्थ चेकमध्ये डेटाबेसला एक छोटी क्वेरी मारायला लावली. यातही मेख आहेच. डेटाबेसच मंदावला तर चारही सर्व्हर एकदम नापास होतात. अशा वेळी ॲमेझॉनचा एनएलबी कोणालाच न पाठवण्याऐवजी सगळ्यांनाच पाठवत राहतो. स्वतःचा लोड बॅलन्सर चालवत असाल, तर सगळे नापास झाल्यावर तो काय करतो हे आधी सर्व्हर मुद्दाम पाडून बघा, शक्यतो शुक्रवारी संध्याकाळी नको.