अ‍ॅक्युपंक्चरमधील ‘मेरिडियन’ म्हणजे शरीरातल्या नसाच का?

नाही. पारंपरिक चिनी वैद्यकात ‘ची’ ही जीवनशक्ती ज्या मार्गांनी वाहते असे मानतात, ते हे मार्ग. मुख्य मार्ग १२ आहेत, पण शवविच्छेदनात ते रक्तवाहिनी किंवा मज्जातंतूसारखे वेगळे दिसत नाहीत. चीनमधील मावांगदुई येथील इ.स.पू. १६८ मधील थडग्यातून १९७३ मध्ये मिळालेल्या रेशमी लेखांत ११च मार्ग असून उपचार सुईचा नव्हे, तर धग देण्याचा सांगितला आहे. म्हणजेच ही कल्पना हळूहळू घडत गेली, आणि मला हेच सर्वांत मोलाचे वाटते. तरीही मनगटाच्या आतील घडीपासून तीन बोटे वर, दोन कंडरांच्या मधोमध असलेला ‘नेइगुआन’ बिंदू उत्तेजित केल्यास शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी होते, याला वैद्यकीय चाचण्यांचा आधार आहे.