चौकटीला रंग कुणी दिला?

गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका गावातून चार पानी पत्र आलंय. त्यातलं कामाचं तेवढं देते.

"माई, मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत. उंची १५१ सेंटिमीटर, वर्गातल्या मुलांत सगळ्यात बुटका. ह्यांची उंची १६८, माझी १५२. पाचवीपासून मी दर रविवारी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने त्याच्या उंचीची खूण करते, वहीतही लिहून ठेवते. गेल्या वर्षभरात जेमतेम चार सेंटिमीटर वाढला. ह्यांनी पडवीत नळी बसवलीय, पहाटे पाचला उठवून लटकायला लावतात. गणेशचवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळापानांची चौकट, बांधताना सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, 'हाका नाका, हाचो हात पावचो ना' (ह्याला नको, ह्याचा हात पोचणार नाही), आणि दिराच्या मुलाला स्टुलावर चढवलं. माझा खाली उभा राहून त्याला सुपारीचे घोस देत होता. साडेबाराशेची पावडर चार महिने चालू आहे. आता शेजारणीने उंचीच्या कॅप्सूल सुचवल्यात, पाकिटावर काही छापलेलं नाही, पण गुण येतो म्हणे. द्याव्यात का? आणि ह्या दोघांना कसं समजावू? बाकी मुलगा गुणी आहे. यंदा चवथीआधी घर रंगवताना कुणी न सांगता त्याने स्वयंपाकघराची चौकट रंगवली, तीसुद्धा दोन हात."

बाय, सासूबाईंची जीभ आणि नवऱ्याची नळी जरा बाजूला राहू दे. शेवटच्या ओळीत, मुलाचं कौतुक म्हणून तू जे लिहिलंस, तिथेच मी अडकले. पंधरा वर्षांचा मुलगा चवथीच्या गडबडीत ब्रश उचलतो, घरातली बाकीची दारं सोडून एकच चौकट निवडतो आणि तिला दोन हात देतो. एका हाताखालून पेन्सिल दिसत राहते गे. म्हणून दुसरा.

आता सांग, त्या चौकटीवर पेन्सिल कुणाच्या हातात होती? सासूबाई चवथीला एकदा बोलल्या. तू पाच वर्षं, दर रविवारी, म्हणजे अडीचशेहून जास्त वेळा त्या पोराला टाचा टेकवून उभं केलंस आणि डोक्यावर पट्टी धरलीस. तोंडाने एक शब्द बोलली नसशील, मला मान्य आहे. पट्टी खाली घेतल्यावर तुझा चेहरा कसा होतो ते मात्र त्याने अडीचशे वेळा पाहिलंय. 'ह्या दोघांना कसं समजावू' असं विचारतेस. दोघं नव्हेत, तिघं आहात.

आणि एवढं करून तू मोजलंस काय? वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वाढतं. आठवड्याला एक मिलिमीटर. तुझ्या पेन्सिलीची रेघच तेवढी जाड असते. त्यात माणूस सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि रात्री आडवं झाल्यावर पुन्हा फुगतात. एका रविवारी चहाआधी मोजलंस आणि पुढच्या रविवारी बाजार, मासळी सगळं आटोपून दुपारी, तर पोर आठवड्यात आखूड झालं असंच चौकट सांगणार. नळीचंही हेच. लटकल्यावर चकत्या घटकाभर मोकळ्या होतात आणि दिवसभरात परत बसतात. हाडं लटकून लांब होत नाहीत. त्याला हौस असेल तर संध्याकाळी खुशाल लटकू दे, खांदे भरतील. पण वाढीचं हार्मोन सगळ्यात जास्त सुटतं ते गाढ झोपेत, आणि दहावीचं पोर रात्री पुस्तक मिटतं कधी ते तुला माहीत आहे. त्याला पाचला उठवून उंची वाढवायची म्हणजे बी उकरून बघण्यातलाच प्रकार.

पावडरच्या डब्याची मागची बाजू वाच. दुधाची भुकटी, साखर, थोडी जीवनसत्त्वं. पोटभर हुमण-भात, अंडं, डाळ, कडधान्य मिळणाऱ्या मुलाला त्यातून निराळं काही मिळत नाही. कॅप्सूल मात्र आजच्या आज कचऱ्यात. त्यात काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही, आणि स्टेरॉइड जातीचं काही निघालं तर हाडांच्या टोकांशी वाढीसाठी जी कूर्चा असते ती वेळेआधीच पक्की होऊन बसते. ती एकदा बंद झाली की पुढे कुणाचंच औषध चालत नाही.

चार पानांत तू सेंटिमीटर लिहिलेस, रुपये लिहिलेस. त्याचा आवाज फुटला का, ओठावर लव आली का, याबद्दल एक अक्षर नाही. डॉक्टर हेच आधी बघतात. उंचीची मोठी उडी वयात येण्याबरोबर येते. मुलींची अकरा-बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी, आणि त्या एका वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटिमीटरसुद्धा वाढतो. काही मुलांचं हे सगळंच उशिरा सुरू होतं. बहुतेक वेळा ते घरातूनच आलेलं असतं, बाप किंवा मामा असाच मागाहून वाढलेला असतो. उडीच्या आधी वाढ थोडी मंदावतेही. तुझे 'जेमतेम चार' त्यातले असतील, किंवा नसतीलही. थायरॉइड कमी असणं, गहू न पचण्याचा सिलिअ‍ॅक, एखादं मुरलेलं दुखणं, ही कारणंही असतात आणि त्यांना इलाज आहे. चौदा पुरी होऊनही मुलात वयात येण्याची काहीच खूण दिसत नसेल तर दाखवून घ्यायचं असतं. तुझा पंधराचा आहे आणि तू शेजारणीला विचारते आहेस!

उंचीचा अंदाज बांधायचा डॉक्टरांचा एक साधा हिशेब असतो. आईबापाच्या उंचीची बेरीज, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे, मग निम्मे करायचे. तुमचे आले १६६.५, त्याच्या खाली-वर आठेक सेंटिमीटर. सहा फूट तुमच्या घरात कुणी ठेवलेले नाहीत, तेव्हा ते त्याच्याकडे मागू नका.

मी स्वतः तेराव्या वर्षी पाच फूट सात इंच होते. माझ्या माटोळीला स्टूल लागत नसे. पण आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "पोफळ वाढली आमच्याकडे, आता नवरा माडावरून काढायचा." कुणी मारलं नाही, कुणी रागावलं नाही. फक्त दर पाहुण्यापुढे माझी उंची निघायची. मी खांदे पाडून चालायला लागले. आज साठी उलटली तरी ते वर होत नाहीत, शिंपी ब्लाउजचं माप घेताना अजून म्हणतो, बाई सरळ उभ्या राहा.

तर तू आता एकच काम कर. ट्रंकेतून त्याची सगळी प्रगतिपुस्तकं काढ, त्यांत उंची-वजनाचा रकाना भरलेला असेल. सहा-सहा महिन्यांचे आकडे डॉक्टरांना पुरतात, तुझी रविवारची वही नको. ती पुस्तकं नवऱ्याच्या हातात दे आणि याच आठवड्यात बापलेकांना बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, बालरोग विभागात पाठव. तिथे त्याची उंची भारतीय मुलांच्या आलेखावर मांडतील, डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतील, लागलं तर रक्त तपासतील. हाडांचं वय बारा-तेरा निघालं तर अजून बरीच जागा शिल्लक आहे असं समजायचं. तू जाऊ नकोस. पंधरा वर्षांच्या मुलाला डॉक्टर जे विचारतील आणि तपासतील, ते त्याला आईसमोर नको असतं. नवऱ्यालाही वाटेत एक काम दे. स्वतःची दाढी कितव्या वर्षी आली आणि पँट कधी अचानक आखूड पडायला लागली, हे त्याने मुलाला स्कूटरवरच सांगायचं. डॉक्टर तेच विचारणार आहेत, आणि नळी बसवण्याआधी बापाने हे सांगायला हवं होतं.

ते परत आले की जेवायला वाढ. किती भरला, ते विचारू नकोस. त्याला सांगायचं असेल तर सांगेल. त्या चौकटीलाही पुन्हा हात लावू नकोस, दोन हात दिलेत त्याने.

आणि पुढच्या चवथीला माटोळी तोच बांधेल, असं सासूबाईंना आत्ताच सांगून ठेव. हात पावत नसेल तर स्टूल आहे. दिराचा मुलगाही स्टुलावरच चढला होता, तूच लिहिलंयस.